महासत्ता निवडण्याआधी सुट्या भागांचं कपाट उघडून बघा

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: विकसनशील देशाने अमेरिका, चीन आणि रशिया यांच्यापैकी कोणाचा हात धरावा? अलिप्त राहणं म्हणजे दोन डगरींवर पाय ठेवणं नाही का? आणि निवड करायचीच झाली तर निकष कोणते लावायचे?

पुस्तकी उत्तर तुम्हाला क्लासमध्ये मिळालंच असेल. माझी नोकरी वायुदलाच्या देखभाल आणि साहित्य-पुरवठ्याच्या कामात गेली, शेवटची वर्षं इथेच, वायुसेनानगरातल्या मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात. त्यामुळे माझी नजर स्टोअर सांभाळणाऱ्याची आहे. शिखर परिषदेत कोणी कोणाला मिठी मारली हे टीव्हीवाले बघतात. मी करारात सुट्या भागांचं कलम आहे का आणि ते कितव्या पानावर ढकललंय, ते बघतो.

आधी थेट उत्तर. अख्खी महासत्ता निवडायचीच नाही. धान्य, इंधन, विमानाचं इंजिन, कर्ज, खत, दूरसंचाराची यंत्रं, अशा प्रत्येक गोष्टीसाठी आपण कोणावर अवलंबून राहायचं हे वेगवेगळं ठरवायचं आणि प्रत्येकीपुढे दोन आकडे लिहायचे. उद्या समोरच्याने पुरवठा थांबवला तर आपलं किती दिवस भागेल, आणि दुसरी सोय लावायला किती दिवस लागतील. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल, तर त्या बाबतीत निर्णय दिल्लीत होत नाही असं समजा, मग भाषणात सार्वभौमत्वाचा कितीही उच्चार होवो.

हे मी १९९१ नंतरच्या वर्षांत शिकलो. आपलं वायुदल तेव्हा बहुतांशी सोव्हिएत बनावटीचं होतं: मिगची सगळी भावंडं, एएन-३२, इल्युशिन-७६, एमआय मालिकेतली हेलिकॉप्टरं. मॉस्कोला एक मागणीपत्र जायचं, पैसे रुपयात वळते व्हायचे, भाग यायचा. उशिरा यायचा, पण यायचा. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. इल्युशिन-७६ ची बांधणी ताश्कंदला, म्हणजे आता उझबेकिस्तानात. तिचं इंजिन रिबिन्स्कचं, म्हणजे रशियात. एएन-३२ बनवणाऱ्या अँटोनोव्हचं घर कीव्हला, म्हणजे युक्रेनमध्ये. एका विमानासाठी दोन-तीन देशांची दारं ठोठवायची, आणि प्रत्येकाला डॉलर हवे. आपल्याकडे डॉलर कुठे होते? १९९१ च्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती गंगाजळी उरली होती आणि रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवण्यासाठी परदेशी धाडलं होतं. रुपयातला व्यापार बंद पडणं आणि आपली डॉलरची तिजोरी रिकामी असणं, दोन्ही एकाच वेळी घडलं.

कागदावर हे नीट कळत नाही, म्हणून एक वस्तू सांगतो. हायड्रॉलिक पंपातली रबरी सील. तळहातावर मावते, किंमत किरकोळ. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि साठवणुकीची मुदत छापलेली असते. मुदत उलटली की ती सील कितीही नवीकोरी दिसो, लावायची नाही. म्हणजे दहा वर्षांचा साठा एकदम करून ठेवू म्हटलं तर तेही जमत नाही. त्या सीलसाठी कोट्यवधींचं विमान हँगरमध्ये उभं राहतं. मग आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचे भाग काढून याला लावायचे. अशा विमानाला हँगर क्वीन म्हणतात. काही महिन्यांत या राणीच्या अंगावर दागिना म्हणून उरत नाही. काढलेल्या प्रत्येक भागाला टॅग, लॉगबुकात नोंद, किती तास वापरून झाला आणि किती शिल्लक त्याचा हिशेब. काढताना एकदा आणि लावताना एकदा, बिघाडाला दोनदा संधी. आमच्याकडे वर्ध्याकडचा एक जुना वॉरंट ऑफिसर होता. टपाल आलं की पाकीट हलवून बघायचा आणि म्हणायचा, "साहेब, पार्ट नाही आला, पुन्हा पत्रच आलं बापा."

यात कुणी दगा दिला नव्हता. मॉस्कोने आपल्याशी वैर धरलं नव्हतं, युक्रेनचंही आपल्याशी काही वाकडं नव्हतं. मित्र प्रामाणिक होता, फक्त तो नाहीसा झाला. म्हणून 'कोण विश्वासू?' हा निकष मी पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. जिथे ओव्हरहॉल, म्हणजे विमान किंवा इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, आपल्या देशात होत होता तिथे आम्हाला श्वास घेता आला. ओझरच्या बेस रिपेअर डेपोत मिगचं काम व्हायचं, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक कारखान्याने मिग-२१ बांधली होती, तिची इंजिनं कोरापुटला होत. जिथे भाग खोक्यात बंद येऊन फक्त बसवायचा होता, तिथे रांग लागली. आणि एकदा ठेच लागली म्हणून दुसऱ्यांदा लागत नाही असंही नाही. २००९ मध्ये एएन-३२ च्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. २०१४ मध्ये क्रिमियावरून रशिया-युक्रेन फाटलं आणि ते काम पुन्हा सुट्या भागांपाशी अडलं.

शस्त्र निवडताना आपण किती लांबचं बोलतोय तेही लक्षात घ्या. मिग-२१ चा निर्णय १९६२ चा. अमेरिकेने एफ-१०४ लढाऊ विमानं पाकिस्तानला दिली होती, आपल्याला द्यायला तयार नव्हती, मग आपण मॉस्कोकडे वळलो. ते विमान १९६३ मध्ये दाखल झालं आणि चंदीगडला निवृत्त झालं २६ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्यांनी सही केली ते गेले, ज्यांच्याशी केली तो देश गेला, तरी विमान उडत होतं. पाच वर्षांच्या सरकारने केलेली निवड साठ वर्षं निभवावी लागते.

इजिप्तची गोष्ट मुलाखतीत सांगण्याजोगी आहे. आस्वान धरणासाठी अमेरिकेने कबूल केलेली मदत १९५६ मध्ये मागे घेतली, नासरनी सोव्हिएत मदत घेतली, धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. शस्त्रंही तिकडचीच. पुढे सादातनी १९७२ मध्ये सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवलं आणि १९७६ मध्ये मैत्रीचा करारच मोडला. आता मिगचे सुटे भाग कुठून आणायचे? कैरोने आपल्याकडे विचारणा केली, कारण आपण मिग-२१ बनवत होतो. आपण नाही म्हणालो. परवाना सोव्हिएत होता आणि मॉस्कोची परवानगी नव्हती. नासर आणि नेहरूंची दोस्ती, अलिप्ततेची चळवळ, सगळं एका परवान्याच्या कलमापुढे थिटं पडलं. यात इजिप्तची अडचण दिसतेच, पण मला आपली जास्त दिसते. कारखाना नाशिकला, कामगार आपले, आणि तयार माल कोणाला द्यायचा हे ठरवणार दुसराच.

अमेरिकेच्या बाजूने हिशेब वेगळा निघत नाही. पाकिस्तान सिएटो आणि सेंटो या पाश्चात्त्य गटाच्या दोन्ही लष्करी करारांचा सभासद होता. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला, आणि फटका कोणाला जास्त बसला? ज्याचे रणगाडे आणि विमानं अमेरिकी होती त्याला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध तोच पाकिस्तान दहा वर्षं अमेरिकेच्या कामी आला. सोव्हिएत फौजा परतल्या आणि १९९० मध्ये प्रेस्लर दुरुस्ती लागू झाली, म्हणजे अणुबॉम्बच्या संशयावरून पाकिस्तानची मदत थांबवणारं अमेरिकी कायद्याचं कलम. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. हिशेब मिटला १९९८ मध्ये, त्यातही काही भाग रोख आणि काही भाग गव्हासारख्या मालाच्या रूपात. लढाऊ विमानाच्या बदल्यात गहू! यापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

आपलं स्वतःचं तारापूर घ्या. १९६३ चा करार, अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या, १९६९ मध्ये वीज सुरू. या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते अमेरिकाच देणार असं ठरलेलं. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि इंधन अडलं. आधीचा करार असताना नंतरचा देशांतर्गत कायदा वरचढ ठरला. हे फार महत्त्वाचं आहे: लोकशाही महासत्तेशी करार करताना तुम्ही फक्त तिच्या अध्यक्षांशी बोलत नसता, पुढच्या वीस वर्षांतल्या तिच्या सगळ्या काँग्रेसशी, म्हणजे संसदेशी, बोलत असता. १९८२ पासून इंधन फ्रान्सने दिलं. नव्वदीत चीनने दिलं, पुढे रशियाने. भट्टी तीच, इंधन देणारे चार. तारापूर बंद पडलं नाही, कारण आपल्याकडे वाट बघण्याइतका वेळ होता आणि बाजारात दुसरे विक्रेते होते. दोन आकडे म्हणतो ते हेच.

क्रायोजेनिक इंजिनाच्या, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाच्या वेळी दुसरा आकडा फार मोठा निघाला. १९९१ मध्ये रशियाशी ठरलेलं तंत्रज्ञान हस्तांतरण अमेरिकी दबावाखाली १९९३ मध्ये बारगळलं, फक्त तयार इंजिनं मिळाली. स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा घेऊन जीएसएलव्ही रॉकेट यशस्वीपणे उडालं ते जानेवारी २०१४ मध्ये. दुसरी सोय लावायला वीस वर्षं.

आता अलिप्ततेबद्दल. दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो हे खरं, पण तो पडतो दोन्ही डगरींना आपण कायमचे तुझेच असं सांगून बसलेला असतो तेव्हा. आपण काय केलं? नागपूरहून हावडा मार्गाने गाडीत बसलात की काही तासांत भिलाई लागतं. तो पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीचा, पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. त्याच काळात राउरकेला जर्मनांकडून, दुर्गापूर इंग्रजांकडून. बोकारो अमेरिकेकडून करून घ्यायचं होतं, पण सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसे द्यायला तिथल्या काँग्रेसमध्ये विरोध झाला. भारताने १९६३ मध्ये विनंती मागे घेतली आणि तेही काम सोव्हिएत संघाकडे गेलं. आयआयटींचंही तसंच: मुंबईला सोव्हिएत साहाय्य, कानपूरला अमेरिकी, मद्रासला जर्मन, दिल्लीला ब्रिटिश. एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्याकडे जाता येतं, हे पहिल्याला ठाऊक असणं हीच त्या काळातली आपली खरी कमाई होती. घोषणा पुष्कळ झाल्या, पण भिलाईचे रूळ अजून वापरात आहेत.

याची दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकी गव्हावर जगत होतो आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजं थोडी थोडी सोडत होते, कारण व्हिएतनामवर आपण बोललेलं त्यांना रुचत नव्हतं आणि आपलं शेतीधोरण त्यांना बदलून हवं होतं. पोटाच्या प्रश्नावर पहिला आकडा काही आठवड्यांचा होता. पाच वर्षांनी, ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार झाला, आणि तो माझ्या मते योग्य वेळी केलेला योग्य करार होता. पूर्व बंगालचे लाखो निर्वासित इथे येऊन पडले होते, अमेरिका आणि चीन एकमेकांकडे सरकत होते. त्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार आणि बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं एंटरप्राइझ जहाज, दोन्ही दिसलं. तरी आपण लष्करी तळ दिला नाही, आणि करारानंतर तीनच महिन्यांनी इंदिराबाई वॉशिंग्टनला जाऊन आल्या. त्याचं बिल मात्र आलं. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांवर संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ राहिलो, आणि आफ्रो-आशियाई देशांत आपला शब्द हलका झाला.

बाजू घेणं कधीच बरोबर नसतं असं मी म्हणत नाही. शेजारी गिळायला टपलेला असेल तर छत्री घ्यावी, आणि तिचं भाडंही द्यावं. दक्षिण कोरियाने तेच केलं. त्या छत्रीखाली त्यांनी कारखाने आणि शिक्षण उभं केलं, हे त्यांचं कर्तृत्व. पण छत्री उघडेलच असं नाही. आर्मेनिया रशियाच्या सुरक्षा संघटनेत होता, त्याच्या भूमीवर रशियन तळ होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने आर्मेनियन वस्तीचं नागोर्नो-काराबाख घेतलं तेव्हा रशियन शांतिसैनिक तिथेच होते. पैसे भरलेली रशियन शस्त्रं आली नाहीत ही तक्रार वेगळी. तो देश आता फ्रान्सकडून आणि आपल्याकडून शस्त्रं घेतो, त्यात पिनाका आहे. पिनाकाची रॉकेटं आपल्या नागपूर परिसरात बनतात. येरेवानमधला कोणी साहित्य-पुरवठा अधिकारी आज आपल्याकडे त्याच नजरेने बघत असेल ज्या नजरेने आम्ही कीव्हकडे बघायचो. त्याची पत्रं वेळेवर उत्तरली जावीत एवढी माझी इच्छा आहे.

लहान देशांत मला व्हिएतनाम हुशार वाटतो. चीनशी १९७९ मध्ये लढलेला, अमेरिकेशी त्याआधी. धोरणात त्यांनी लिहूनच ठेवलंय: लष्करी युती नाही, एकाविरुद्ध दुसऱ्याशी हातमिळवणी नाही, परकी तळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हनोईत, डिसेंबरात चीनचे, २०२४ च्या जूनमध्ये रशियाचे. जिबुतीने उलट केलं. एकाच वाड्यात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि २०१७ पासून चीन असे भाडेकरू ठेवले. जागा मोक्याची असेल तर हेही चालतं, पण मोक्याची जागा सगळ्यांच्या नशिबी नसते.

कर्जाबद्दल थोडक्यात. श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचं उदाहरण सगळे देतात आणि अर्धवट देतात. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला गेलं, ११२ कोटी डॉलर आले. ते चिनी कर्ज फेडायला गेले नाहीत, परकीय चलनाची खळगी भरायला गेले. २०२२ मध्ये श्रीलंका बुडाली तेव्हा परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय रोखेधारकांचा होता. म्हणून कर्ज कोणाचं यासोबत ते कोणत्या चलनात, आणि अडचण आली तर वाटाघाटीला टेबलावर कोण बसणार, हेही विचारा. देणारा अडकतो तेही बघा. रशियाने तेल विकून कमावलेले अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि त्यांचं काय करायचं कळत नाही, हे त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मे २०२३ मध्ये गोव्यात सांगितलं होतं.

क्लासमध्ये सहसा एक प्रश्न कोणी विचारत नाही: देशाने निवड केली की किंमत देशातला कोण देतो? ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचं कारण देऊन अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढलं. सरकारने दिलेलं कारण होतं, सूतगिरण्यांना कच्चा माल स्वस्तात मिळावा. तेही खोटं नाही, कारण निर्यात अडकलेल्या तिरुपूर-सुरतेला दिलासा हवाच होता. पण दिवाळीच्या सुमारास हिंगणघाट-वणीकडचा शेतकरी पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन निघाला तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली. स्वस्त तेलाचा फायदा शुद्धीकरण कारखान्यांना, शुल्काचा मार निर्यातदाराला, आणि वजनकाट्यावर उभा कापूसवाला. तेल घ्यायचं ठरवणं चूक होतं असं माझं म्हणणं नाही, मीही घेतलंच असतं. पण या निर्णयाचा फायदा एकाकडे आणि तोटा दुसऱ्याकडे जाणार हे आधी दिसत होतं, तर भरपाईची सोय आधी करता आली असती.

भारताबद्दल विचाराल तर दिशा ठीक आहे, वेग कमी आहे. २०१०-१४ मध्ये आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, २०२०-२४ मध्ये तो ३६ वर आला. पण विक्रेते वाढले म्हणजे अवलंबन कमी झालं असं नाही, ते फक्त वाटलं गेलं. तेजस मार्क-१ए साठी २०२१ मध्ये ९९ अमेरिकी इंजिनं मागवली, पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत राहिले. यावेळी तर निर्बंधही नव्हते, उत्पादकाच्या स्वतःच्या पुरवठ्याची साखळी अडली होती. तेव्हा पैसा आणि माणसं दोन्ही मी आधी इंजिनात ओतेन, आणि नव्या विमान खरेदीच्या प्रत्येक करारात ओव्हरहॉलचं काम देशात आणण्याची अट टाकीन, थोडी किंमत वाढली तरी. बोइंगच्या खरेदीच्या बदल्यात नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमान दुरुस्तीचं केंद्र आलं, ते अशाच अटीतून.

मिहानचाच पुढचा अंक बघण्यासारखा असेल. दसॉल्टचं फाल्कन-२००० हे विमान पूर्णपणे नागपुरात जोडायचं जून २०२५ मध्ये जाहीर झालं, पहिलं विमान २०२८ पर्यंत बाहेर पडायचं आहे. विमान फ्रेंच, जोडणी नागपूरची आणि इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं. मुलाखतीच्या पॅनेलने नागपूरवर प्रश्न विचारलाच, तर त्या इंजिनाचा ओव्हरहॉल कुठे होणार हे आधी शोधून ठेवा.